विसण न लागणारं पाणी

आबा, यंदाच्या हिवाळ्यात गीझरचा काटा मी खाली आणला. तुम्ही होतात तेव्हा तो कायम शेवटपर्यंत फिरवलेला असायचा. पाणी कढत नसेल तर ती आंघोळ कसली, असं तुमचं म्हणणं, आणि जळगावच्या थंडीत ते कुणाला खोटंही वाटलं नाही. आईची बादली भरणं हे एकच घरकाम तुम्ही करायचात, तेही काय रुबाबात! सगळं जग कढत पाण्यात विसण घालतं. तुमच्या बादलीत विसण आधी पडायचं. मला अजून दिसतं, घरात बंब आहे, शाळेच्या घाईत मी रिकाम्या बादलीत कढत पाणी ओततोय आणि तुम्ही माझ्या हातातला तांब्या काढून घेता. "पयले थंड, मंग ऊनं! पाय भाजी लेशी ना येड्या!" तेव्हा राग आला होता.

पाय भाजले, आबा, पण आईचे. झालं ते तुमच्याच एका युक्तीपायी, पण तुम्हाला दोष देत नाही. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापून निळ्या नळाला चटके बसतात, म्हणून तुम्ही गीझर बंद ठेवायचात. बाथरूमच्या सावलीत त्याच्या पोटातलं पाणी गार राहायचं. उन्हाळ्यात गार पाणी लाल नळाला, हे आईच्या हातात इतकं बसलंय की ती विचार करत नाही. यंदा धुळ्याहून ताई आली होती. तिला भर उन्हाळ्यातही गरम पाणी लागतं, हे तुम्हाला माहीतच आहे. तिनं आंघोळीसाठी गीझर लावला आणि बंद करायचा राहिला. मागून आई गेली आणि तिनं लाल नळ पायांवर सोडला. साखरेनं तिचे पाय केव्हाच बधिर झालेत. बाहेर आली तेव्हा पावलांवर फोड होते, आणि ती कपड्यांच्या घड्या घालायला बसली. मी ओरडलो तेव्हा पायांकडे बघून म्हणाली, "माले कयनंच नही रे."

फोड बरे व्हायला पावसाळा उजाडला. ताई म्हणते, आंघोळ घालायला बाई ठेव. आई म्हणते, परक्या बाईसमोर उघडी बसण्यापेक्षा आंघोळच नको. ती आतून कडी लावते, आणि मी मुलगा, मी आत जाऊ शकत नाही. पुन्हा एकदा भाजलं, तर तिची ती कडी कायमची जाईल, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. माझ्या हातात उरला तो गीझरचा काटा. रोज सकाळी थोडा खाली घ्यायचा, दिवा विझायची वाट बघायची, मग नुसत्या लाल नळाची बादली भरून त्यात मनगटापर्यंत हात बुडवून ठेवायचा. चटका बसला की अजून खाली. असं करत तो चाळीस आणि पन्नासच्या मध्ये कुठेतरी थांबला. आता विसण लागतच नाही. ती कुठलाही नळ सोडो, भाजणार नाही. तरी मी बाहेर खुर्चीवर पेपर धरून तांब्याचा आवाज ऐकतो. पेपर वाचला जात नाही. नंतर डबा भरून सावद्याला केळीच्या वखारीत कामावर जायचं, आणि संध्याकाळी येऊन पुन्हा तिचे पाय तपासायचे. थकलोय मी, आबा.

पण तिला पाणी पटेना. रोज कडीमागून तेच. "पानी कोमट शे रे. काटा वर कर." समजावलं, चिडलो, डॉक्टरांचं नाव सांगितलं. एकदा मी कामावर असताना स्टुलावर चढून तिनंच काटा फिरवला. संध्याकाळी तो शेवटाला टेकलेला पाहिला आणि आधी तिचे पाय तपासले.

मी काटा पुन्हा खाली घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं आतून विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "आई, आबा जिथं ठेवायचे तिथंच ठेवलाय."

आत तांब्या थांबला. मग म्हणाली, "त्यासनी ठेयेल शे ना? मंग ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून तिची तक्रार नाही. काल तर शेजारणीला कौतुकानं सांगत होती, की आमच्याकडचं पाणी अजून त्यांच्याच हिशेबानं तापतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुमच्या नावावर खोटं बोललो, आबा, आणि उद्या विचारलं तरी तेच सांगेन. हे तिला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.