आमच्या रांगेने दिलेला पहिला नंबर

तीर्थस्वरूप वन्संना,

वाकता येईल तेवढा वाकून नमस्कार. (डॉक्टरीणबाईंनी कमरेतून वाकायला मनाई केली आहे, तेव्हा राहिलेला नमस्कार मनातल्या मनात पोचला असं धरावं.) तुमची तब्येत कशी आहे ते कळवा. "ठीक आहे" एवढंच कळवू नका, ते तुम्ही अंगात ताप असतानाही कळवता. इकडे माझा डावा गुडघा कुरकुरतो आणि उजवा त्याला दुजोरा देतो. मुलगा कामावर जातो, सून त्याच्याआधी जाते आणि त्याच्यानंतर येते, त्यामुळे दिवसभर घरात मी आणि स्वयंपाकघरातला नळ. तो गळतो, मी बोलते. दोघांच्याही दुरुस्तीचा नाद सगळ्यांनी सोडलाय.

पत्राचं कारण असं की मला तुमचे आभार मानायचे आहेत. हे वाचून घाबरू नका, मला काही झालेलं नाही. आभार मानणं मला तोंडाने जमत नाही, तोंडाला दुसऱ्याच गोष्टींची सवय. म्हणून कागद घेतला. पण आधी काय झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, हिला एकाएकी काय सुचलं.

तुमच्या भावाची नात (माझीही तीच, पण गुण तुमच्या घराण्याचे दिसले की मी तिला तुमच्याकडे ढकलते) सिनेमाच्या कंपनीत आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती काय करते हे मला आत्ता कळलं. परदेशी सिनेमातली माणसं ओठ हलवतात, त्या ओठांत बसतील असे आपल्या भाषेतले शब्द ती लिहिते. पडद्यावरच्या माणसाने ओठ मिटले की तिथे प, ब, म असलंच काहीतरी अक्षर यावं लागतं, आणि तोंड उघडं असेल तर आ. एकेका वाक्यासाठी पोरगी आरशासमोर बसून तोंड वेडंवाकडं करते. मी तिला म्हटलं, म्हणजे तू वन्संचंच शिंपीकाम करतेस, अंग दुसऱ्याचं आणि कापड आपलं. ती म्हणाली, आजी, हे मी साहेबांना सांगणार.

तिला घेतलं होतं ते एका रशियन सिनेमाच्या दुसऱ्या भागापुरतं. कंपनीची रीत अशी की सिनेमा बाहेर सोडण्याआधी चाळीस माणसं बोलवायची, सकाळी अकरा वाजता दाखवायचा आणि प्रत्येकाकडून मत लिहून घ्यायचं. मतं चांगली आली तर तिसरा भाग तिच्याकडे आणि नोकरी कायम. वाईट आली तर रामराम. पोरगी आठ दिवस ताटातलं नुसतं इकडचं तिकडे करत होती. चाळिसांत दहा जण साठीच्या पुढचे लागतात. त्यांतली एक बाई आदल्या दिवशी जिन्यात पाय मुरगळून बसली आणि दुसरं कोणी मिळेना, म्हणून नातीने मला उभं केलं. खरं तर कंपनीतल्यांच्या नातेवाइकांना बंदी. दारात मला बजावलं, "आजी, तू मला ओळखत नाहीस." मी म्हटलं, त्यात काय अवघड, हल्ली केस असे कापतेस की तसंही ओळखू येत नाहीस.

आम्हा म्हाताऱ्यांना शेवटच्या रांगेत बसवलं, कारण बाथरूमचं दार तिथून जवळ. माझ्या एका बाजूला एक निवृत्त नर्स, दुसऱ्या बाजूला शाळेत चौतीस वर्षं घंटा वाजवलेला एक गृहस्थ, त्याच्यापलीकडे ट्रक चालवणारे एक आजोबा, ते दिवे जायच्या आधीच झोपले. पुढे सगळी तरणी पोरं.

आता सिनेमा. पहिला भाग तुम्ही पाहिला नाहीत, मीही नाही, नर्सबाईंनी मला कानात सांगितला. रशियात एका खेड्यात एक घर असतं, त्यात खोलीएवढी मोठी चूल, आणि चुलीमागे एक केसाळ म्हातारा राहतो. तो माणूस नाही, घर राखणारं भूत आहे. दूध नासू देत नाही, पोरं रडली तर पाळणा हलवतो, आणि कोणी उगाच भांडलं तर भांडी पाडतो. दुसऱ्या भागात ही मंडळी शहरात सातव्या मजल्यावर राहायला जातात. त्यांच्यात नियम असा की घर सोडताना कर्त्या माणसाने एक जुना बूट चुलीपुढे ठेवायचा आणि "चल बाबा" म्हणायचं, म्हणजे म्हातारा बुटात बसून बरोबर येतो. बोलावल्याशिवाय त्याला नव्या घराचा उंबरा ओलांडता येत नाही. आणि हे सगळं नेतात, पडदेसुद्धा नेतात, पण हे एक विसरतात. मग म्हातारा बर्फातून चालत त्यांच्या मागे निघतो. वाटेत लांडगे, नदीतली हिरव्या केसांची बाई, रेल्वेचे रूळ. शेवटी सातव्या मजल्यावर पोचतो, आणि बंद दारापुढे पायरीवर बसतो. संपला सिनेमा.

पण गोष्ट ती नाही. गोष्ट अशी की म्हातारा तोंड उघडतो आणि माझं बोलणं बाहेर पडतं. पहिल्याच वाक्याला तो त्या घरातल्या रशियन जावयाला म्हणतो, "पाय पुसून ये, हे घर आहे, फलाट नाही." हे मी रोज आमच्या चिरंजिवांना म्हणते. पुढे लांडग्याला म्हणतो, "एवढे दात आहेत तर बाजूला उभा राहून खा, वाटेत काय उभा राहतोस." हे मी शेजारच्यांना म्हटलेलं आहे. पोरीने माझं तोंड त्या केसाळ माणसाला शिवून दिलं होतं, आणि वन्सं, मापात बसलं होतं. मी मोठ्याने म्हटलं, अरे हे माझं आहे. नर्सबाई म्हणाल्या, "हळू. माझ्या सासूबाईंचंही आहे." आमची रांग हसत होती. ट्रकवाले आजोबा जागे होऊन हसले आणि मग का हसतोय ते विचारलं. पुढची पोरं मात्र गप्प.

संपल्यावर दिवे लागले (अर्धेच, कारण पूर्ण लावायचं बटण कोणाला सापडेना) आणि फॉर्म आले. खाली मत लिहायला ओळी, वर पाच चौकटी, एकापासून पाचापर्यंत, त्यांतल्या एकीत खूण करायची. कशाला काय म्हणतात ते मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं. आमच्या रांगेतले निम्मे चष्मे घरी. नर्सबाईंनी विचारलं, "कितवा द्यायचा?" मी म्हटलं, आवडला ना, मग पहिला द्या. चांगल्याला पहिला नंबर देतात, पाचवा नंबर कोणी कौतुकाने देतं का? त्यांनी घंटावाल्यांकडे बघितलं. ते विचार करून म्हणाले, "चौतीस निकाल माझ्यासमोर लागले. पहिला तो पहिला." झालं. शाळेतल्या माणसाने सांगितलं म्हटल्यावर कोण विचारतंय. फॉर्म हातोहात रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि दहा जणांनी आनंदाने एकावर खूण केली. ट्रकवाल्या आजोबांनी दोनदा केली, पक्की दिसावी म्हणून.

पोरगी दुसऱ्या दिवशी दुपारी चारला घरी आली आणि चपला न काढता स्वयंपाकघरात बसली. पुढच्या पोरांची मतं अशीतशीच होती. भूत भीतीदायक नाही, पहिल्या भागात दम होता, हिरव्या केसांची बाई दोनच मिनिटं दिसली, शेवट अर्धवट. एकाने तर दोन पानं भरून लिहिलं की लांडगे खोटे वाटतात. (याने खरे कुठे पाहिले कोण जाणे.) तरी पोरांनी तीन, चार दिले होते. मग ती म्हणाली, "आणि आजी, म्हाताऱ्यांच्या अख्ख्या रांगेने एक दिला. दहाच्या दहा जणांनी." मी म्हटलं, छान झालं की. तिने पिशवीतून कोरा फॉर्म काढला आणि मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवून वाचून दाखवलं: एक म्हणजे अगदी वाईट, पाच म्हणजे उत्तम.

मला सगळं समजावून सांगितल्यावर मी एवढंच म्हटलं की ही कुठली उलटी शाळा. ती हसली नाही. ती कोणाला काही सांगूही शकत नव्हती, कारण फॉर्म चुकला असं म्हणायचं तर ते तुला कसं कळलं असं विचारणार, आणि मग आजी बाहेर पडणार. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हे मी तुम्हालाच सांगते.

सकाळी ती निघाल्यावर मी धुतलेले कपडे घातले आणि बसने कंपनीत गेले. लांब बोळ, दारांना गाद्या ठोकलेल्या, प्रत्येक दारावर लाल दिवा. एका खोलीत माइकसमोर एक बाई मिठाची पिशवी मुठीने दाबत बसली होती, विचारलं तर म्हणाली, बर्फात चालतेय. (अशा ठिकाणी पोरगी काम करते, मग घरी आल्यावर विचित्र वागते याचं नवल नको.) आधी मला मतं मोजणाऱ्या आकडेवाल्या साहेबांकडे नेलं. ते म्हणाले, "एक म्हणजे वाईट, आजी." मी म्हटलं, ते तुम्ही दारात उभं राहून मोठ्याने सांगायचं होतं. ते म्हणाले, फॉर्मवर छापलंय. मी म्हटलं, छापलंय ते तुमच्यासाठी, वाचणार आम्ही. तेवढ्यात कंपनीच्या मोठ्या बाई आतून आल्या. त्यांच्या हातात माझा फॉर्म.

चौदा ओळी लिहिल्या होत्या मी. बापाने सातव्या मजल्यावर घर घेतलं आणि घरातलं एक माणूस मोजायला विसरला. आईला पडदे आठवले. एवढी खोकी उचललीत, एक शब्द उचलला असता तर हात दुखले नसते. असं बरंच. त्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून मोठ्या बाई म्हणाल्या, "हे वाक्य सिनेमात नाही. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडात आत्ता घातलं तर बसेल. कालपासून मी शोधतेय, हे लिहिलं कोणी. आत्ता आतून तुमचं बोलणं ऐकलं आणि कळलं. आमची लिहिणारी पोरगी असंच लिहिते. तुम्ही तिच्या कोण?" मी म्हटलं, आजी. आणि चूक माझी आहे, पोरीची नाही, नंबर मी सांगितला.

पोरीला बोलणी बसली, नियम मोडला म्हणून कागदावर लिहून बसली. माझा फॉर्म फाडला. बाकीच्या नऊ जणांना फोन करायचं ठरलं, की परवा येऊन पुन्हा खूण करून जा. मला वाटलं, एका खुणेसाठी कोण येतंय. मी त्या दिवशी फाटकाबाहेर बाकावर जाऊन बसले, आत मला बंदी. वन्सं, नऊच्या नऊ आले. नर्सबाई दोन बस बदलून आल्या. घंटावाले दहा मिनिटं आधी हजर. ट्रकवाले आजोबा सिनेमा पुन्हा दाखवणार समजून आले होते, नाही म्हटल्यावरही थांबले. कोण कुठली माणसं, माझ्या एका शब्दावर चुकली आणि तो शब्द सुधारायला स्वतःच्या पायांनी आली. मला एकाने बोल लावला नाही. मी प्रत्येकाला म्हटलं, बरं झालं आलात. याहून जास्त मला जमलं नाही, पण बहुतेक समजलं असावं, नर्सबाईंनी हात धरला.

सहा जणांनी पाच दिले, दोघांनी चार. घंटावाल्यांनी तीन. मी विचारलं तर म्हणाले, "पहिला भाग जास्त चांगला होता, मी खोटा निकाल लावत नाही." राग आला, पण माणूस सरळ आहे. तिसरा भाग पोरीला मिळाला. नोकरीही कायम.

आता आभार. तुमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तुम्ही मला कापायच्या टेबलावर शिंप्याच्या खडूने अक्षरं शिकवलीत. दोन पोरांची आई होते मी, आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मी कापडावर लिहिलेलं पहिलं नाव एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या अस्तरात गेलं, कारण तुम्ही ते पुसायला तयार नव्हता. ती अक्षरं नसती तर मीही नुसती खूण करून आले असते, आणि मोठ्या बाईंना शोधायला काही राहिलं नसतं. त्याच अक्षरांनी मी पकडलीही गेले, पण त्याचा दोष तुम्हाला देत नाही. मी तुम्हाला हे चाळीस वर्षांत कधी म्हटलं नाही. आता म्हटलंय, पुन्हा म्हणायला लावू नका.

मोठ्यांना नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण तुमच्याहून मोठं आता कोणी उरलं नाही. लहानांना सांगा, गप्प बसा.

तुमची भावजय

ता.क. सिनेमा ठीकच आहे. उगाच भुताखेतांच्या गोष्टीत जीव गुंतवणारी मी नव्हे. बर्फ फार आहे.

आणखी एक ता.क. तिसऱ्या भागाला पुन्हा चाळीस माणसं बोलवणार आहेत आणि मला फाटकातच अडवणार. फॉर्मवर आता नवीन ओळ छापली आहे: आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, आजी, आजोबा चालणार नाहीत. मी दोनदा वाचली. आत्याआजी असं कुठेही लिहिलेलं नाही. तुमचं नाव मी आकडेवाल्या साहेबांकडे देऊन ठेवलं आहे, आडनावही वेगळं आहे. पोरीला कळवू नका, ती नाही म्हणेल. तिला खोदून खोदून विचारलं, म्हाताऱ्याला कोणी दार उघडतं का, तर म्हणते, शपथ घेतली आहे. तेव्हा पुढच्या महिन्याचा शेवटचा आठवडा मोकळा ठेवा आणि दोन दिवस आधी या.

शेवटचा ता.क. आत जाताना बाहेर काही बोलणार नाही अशा कागदावर सही घेतात. ती कंपनीला द्यायची. गोष्ट मला सांगायची.