वरचा ठसा कोणी धरायचा, याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, धंदा हाताने नाणी पाडणे, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. दडपण आणायला घरात तसं कोणी उरलेलंही नाही. यापूर्वी लिहिलेली दोन मृत्युपत्रं रागाच्या भरात लिहिली होती. ती रद्द समजावीत, जरी मजकूर चांगला असला तरी.

एक. राहती दोन खोल्यांची जागा मुलीला. ती दातांची डॉक्टर आहे. तिला माझ्या हातोड्याचा आवाज सहन होत नाही; खुर्चीत बोंबलणारी माणसं मात्र सहन होतात. तिने जागा विकली तरी माझी हरकत नाही. ती नाहीतरी विचारणार नव्हतीच.

दोन. भट्टी, मुशी, पत्रा कापायची कातर शेजारच्या कुलूपवाल्याला. त्यातला चिमटा त्याच्याकडे गेली बारा वर्षं आहेच. त्याने तो आता आपला समजावा, म्हणजे आणखी आपला समजावा.

तीन. संग्रहालयातल्या तज्ज्ञांना काही नाही. पण कारण नोंदवते. आम्ही जुन्या नाण्यांच्या नकला जुन्याच पद्धतीने पाडायचो: खालचा ठसा ओंडक्यात ठोकलेला, त्यावर चांदीची चकती, वरचा ठसा आमच्या ह्यांच्या मुठीत, हातोडा माझ्या हातात. प्रत्येक नाण्याच्या कडेला नकलेची खूण असे. माझ्या धाकट्या दिराने एका नाण्याची खूण कानशीने घासली, ते मळवलं आणि जुनं म्हणून विकलं. तज्ज्ञांनी भिंग लावून ते सहाशे वर्षांपूर्वीचं ठरवलं. काचेच्या पेटीत ठेवून खाली चिठ्ठी लावली: ‘अज्ञात कारागीर. असा हात पुन्हा झाला नाही.’ पुढे प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा हेच गृहस्थ म्हणाले, “मला पहिल्या दिवसापासून शंका होती.” शंका इतकी जपून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

चार. आता ह्यांच्याबद्दल. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझा नेम चुकला आणि ह्यांचा अंगठा मोडला. पुढचा घाव बसेपर्यंत दीड महिना गेला, पण ठसा धरायला दुसरा माणूस ह्यांनी येऊ दिला नाही. दिराने तशी आणखी वीस नाणी खपवल्यावर एका गिऱ्हाइकाला संशय आला आणि पोलीस दारात आले. दीर शांतपणे म्हणाला, “वहिनी पाडतात. मला त्यातलं काय कळतं?” मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “खुणा मी घासल्या.” आयुष्यभर ज्या माणसाने कानस धड धरली नाही, त्याचं म्हणणं सगळ्यांनी लगेच मान्य केलं. आठ महिने कैद झाली.

सुटून आले ते आधी कारखान्यात गेले. चकती ठेवली, ठसा धरला.

“मार.”

“नेम चुकला तर?”

“आठ महिने बोटांना आराम झालाय. मार म्हणतो ना!”

मी मारला. नाणं वाकडं पडलं. ह्यांना ते फार आवडलं. माणसाला तेवढी पारख नव्हती.

ह्यांचे कपडे अजून कपाटात आहेत. ते कोणालाही देऊ नयेत. कसर लागली तरी चालेल.

पाच. सगळे ठसे आणि हातोडा पुतणीला, म्हणजे त्याच दिराच्या मुलीला. ती बस चालवते. हे गेल्यावर एका सुट्टीच्या दिवशी आली, ओंडक्यापुढे बसली आणि म्हणाली, “काकू, ठसा मी धरते. फक्त डोळे मिटून मारू नका.” सहा वर्षं धरते आहे. दहाही बोटं शाबूत आहेत. वरचा ठसा लवकर झिजतो. नवा कोरताना अक्षरं उलटी कोरायची, हे तिला सांगून सांगून माझी जीभ झिजली. अट एकच. बाप आला तर त्याला चहा द्यावा, किल्ली देऊ नये.

सहा. धाकट्या दिराबद्दल. मी त्याच्याशी एकोणीस वर्षं बोललेली नाही. सगळ्यांना वाटतं, त्याने माझ्यावर आळ घातला म्हणून. वाटू दिलं, सोयीचं होतं. खरं असं आहे की, पोलीस यायच्या दोन वर्षं आधीच ते नाणं मी काचेत पाहिलं होतं. माझा घाव मी ओळखणार नाही? घरी येऊन दिराला जाब विचारायला हवा होता. त्याऐवजी मी अकरा वेळा तिकीट काढून ती चिठ्ठी वाचायला गेले. ‘असा हात पुन्हा झाला नाही.’ घरात असं कोणी म्हटलं नव्हतं. मी पहिल्याच दिवशी बोलले असते तर पुढची वीस नाणी झाली नसती, आणि ते आठ महिनेही नाहीत. ह्यांना हे मी सांगितलं नाही. धीर झाला नाही.

म्हणून दिराला मी अर्धी माफी देते. उरलेली अर्धी मला लागणार आहे.

सही: (स्वतःची, उजव्या हाताने)

साक्षीदार पहिला: शेजारचा कुलूपवाला. कलम दोन वाचून तो साक्षीला बसेना. वाटेकऱ्याने साक्ष द्यायची नसते असं कोणीतरी त्याला सांगितलं. म्हणून त्याचं नाव खोडून त्याच्या बायकोचं घातलं. तेही चालत नाही असं कळल्यावर समोरचे शिंपी.

साक्षीदार दुसरी: माझी नेहमीची डॉक्टरीण. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे.

ठिकाण: कारखान्यातलं टेबल, खिडकीजवळचं.
तारीख: नऊ, मंगळवार, सकाळी अकरा.