अडचणी निरंक

प्रिय समीक्षा,

तुला माझ्या जागी आशा सेविकांची गटप्रवर्तक होऊन चार महिने झाले आणि माझं पत्र आत्ता. ताईंकडे फोन नाही का, असं म्हणशील. आहे. पण फोनवर मी आयुष्यभर सूचनाच दिल्या आणि तुझं 'हो ताई' वाक्य संपायच्या आत यायचं. आज मला ते 'हो' नकोय, म्हणून शेजारच्या शामच्या हाती हे पाठवतेय.

महागावच्या बाजारात तुझ्या गटातल्या बाया भेटतात. म्हणतात, समीक्षाताई हुबेहूब तुमच्यासारख्या, चष्म्यावरून बघणंसुद्धा तसंच. आधी हसू आलं. मग घरी येऊन भाजीची पिशवी तशीच ठेवून बसून राहिले.

आपली महिन्याची सभा आठवते? शेवटी मी विचारायचे, 'कोनाले काई अडचन?' आणि रजिस्टर मिटायचे. त्यात 'अडचणी निरंक' हे मी सकाळी चहा पितानाच लिहून आणलेलं असायचं. तेवीस आशा आणि एकीचीही तक्रार नाही, याचा मला केवढा तोरा! डॉक्टरसाहेब दुसऱ्या गटांना माझं उदाहरण द्यायचे. तुम्ही गप्प बसता ते मायेपोटी, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं तर तुम्ही मला भीत होता, आणि भीतीनं कामं वेळेवर होत होती.

पाच वर्षांपूर्वीच्या त्या एप्रिलच्या सभेत तुझा हात अर्धा वर आला होता. मी सगळ्यांना सांगत आले की तू काही बोललीच नाहीस. समीक्षा, मी तो हात पाहिला होता. कुष्ठरोगाचं सर्वेक्षण तोंडावर होतं आणि मला कुणाचीच अडचण ऐकायची नव्हती. तुला तिसरा महिना होता. आठव्या दिवशी तांड्याच्या वाटेवरून तुला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. तुझे यजमान फॉर्म घेऊन माझ्या दारात आले, तर तू कशी आहेस हे विचारायच्या आधी मी किती घरं राहिली ते पाहिलं. बारा राहिली होती. बाळ गेल्याचं त्यांनी त्यानंतर सांगितलं. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. उलट बरी होताच ती बारा घरं करून दिलीस, आणि गटाचा सत्कार झाला तेव्हा माझ्या गळ्यात हारही तूच घातलास. तो दिवस आठवला की मला माझीच किळस येते.

माफी मागायला मी स्वतः येईन, ती कागदावर मागायची गोष्ट नाही. हे पत्र घाईचं आहे. काल दुपारी तुझ्या गटातली खुशी माझ्याकडे आली. तिला अडीच महिने झालेत, पोटात दुखतंय. मी लगेच दवाखान्यात नेलं. बाळ ठीक आहे, पण पडून राहायला सांगितलंय. मी म्हटलं, 'समीक्षाले सांगून टाक, सोमवारच्या सर्वेक्षणाले नको जाऊ.' तर रडायलाच लागली. म्हणे, 'त्यायचं सोताचं बाळ गेलं तवाबी त्या काई बोलल्या नाही. मंग मी कोन्या तोंडानं सांगू?' सोमवारी ती येणार, समीक्षा. तिला घरी पाठव.

तुझीच,
बेबीताई