पितळी फिल्टर आणि अंगणातली विहीर यांच्या व्यवस्थेविषयी

॥ श्री वीतरागाय नमः ॥

मी, कैलासचंद मोतीलाल संगई, वय ७८ वर्षे, धर्म जैन, पूर्वीचा व्यवसाय कापडाचे दुकान, हल्ली स्वाध्याय, राहणार कारंजा लाड, जिल्हा वाशिम, सकाळचे दर्शन आटोपून, कोणाच्याही दडपणावाचून माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवीत आहे. माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढील मजकूर वाचून तो शोधावा लागेल, म्हणून आधीच मागून घेतला.

१. बँकेतील ठेवी मुलगा अर्पित आणि मुलगी खुशबू यांनी सारख्या वाटून घ्याव्यात. शास्त्राच्या पोथ्या मंदिरातील स्वाध्याय-कक्षास द्याव्यात. त्यांच्या समासांत मी शिसपेन्सिलीने लिहिलेल्या शंका खोडू नयेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी खुशबूने करावी.

२. कॉफी दळण्याची हातचक्की खुशबूस द्यावी. ती म्हणेल, “बाबा, बटन दाबलं की होते, कायले फिरवत बसू?” तरी द्यावी. माझा चुलतभाऊ नमन याने ही चक्की एकदा मागून नेली, तिच्यात लाल मिरच्या दळल्या आणि पुसून परत आणून दिली. पुढे वर्षभर आमच्या कॉफीला ठसका होता. क्षमावणीच्या दिवशी मी त्यास क्षमा केली आहे, ती खरी आहे. मात्र चक्की त्याच्या हाती एक दिवसही देऊ नये.

३. पितळी फिल्टर. हा माझी दिवंगत पत्नी अंगुरीबाई हिने श्रवणबेळगोळच्या यात्रेत हट्टाने घेतला. दोन डबे, एकावर एक. वरच्याच्या बुडाला बारीक भोके. तिची रीत अशी होती : बिया रव्याहून किंचित जाड दळाव्यात, पूड दट्ट्याने नुसती बसवावी, चेपू नये, उकळी मोडलेले पाणी कडेकडेने फिरवून ओतावे, झाकण ठेवावे आणि गप्प बसावे. मी डबा ठोकू लागलो की ती म्हणे, “कायले त्याच्या मागं लागता? उतरते ते आपल्या आपण.” सूर्यास्तानंतर आमच्या घरी पाणीही घेत नाहीत, तेव्हा दिवसाचा शेवटचा पेला ती चार वाजता लावी.

चार वर्षांपूर्वी असाच पेला लावून ती ओट्याशी बसली. तिचा श्वास अडखळू लागला, तरी डोळे फिल्टरवर होते. मी णमोकार मंत्र म्हणू लागलो, तेव्हा तिने हात वर करून मला थांबवले, कारण तिला थेंब ऐकायचा होता. त्याच क्षणी ती गेली.

घरात धावपळ झाली. चतुराबाई आमच्याकडे वीस वर्षे पाणी भरते. आमच्या घरची रीत तिने पाहून पाहून उचललेली. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो : विहिरीचे पाणी आम्ही दुहेरी कापडातून गाळतो. कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव थोड्या गाळीव पाण्याने धुऊन त्याच विहिरीस परत देतो. यास जिवाणी म्हणतात. जिवाणीच्या बादलीस बुडाशी कडी असते. ती पाण्याला टेकवून मगच कलती करायची, वरून ओतायची नाही. फिल्टरमध्ये उतरलेली कॉफी चतुराबाईने त्या बादलीत घेतली आणि विहिरीत सोडली. नंतर मी विचारले तेव्हा म्हणाली, “शेठजी, बाईनं गाळून ठेवलं होतं. गाळलेलं ज्याचं त्याले वापस द्या लागते, तुमच्याच घरी शिकली ना मी. देऊन टाकलं.”

४. शास्त्र स्पष्ट आहे. जीव देह सोडल्यावर कोठे घुटमळत नाही. पापणी लवण्याच्या आत दुसरा देह धरतो आणि अंतसमयी मन जेथे गुंतले असेल तेथेही तो ओढला जातो. हे मी लोकांना चाळीस वर्षे समजावून सांगितले. म्हणून हे घर भुताटकीचे आहे असे कोणी म्हणू नये. मी जे पाहिले तेवढे लिहितो.

त्या दिवसापासून पहाटेच्या पहिल्या बादलीला कॉफीचा वास येतो. वरणाचे, स्नानाचे पाणी गाळताना कापड एका धारेत मोकळे होते. कॉफीचे पाणी गाळताना मात्र एक तांबूस कण काठाच्या शिवणीला धरून राहतो. कापड फिल्टरकडे वळवले की तोही तिकडच्या बाजूस सरकतो. मी कापड फिरवून पाहिले आहे. पुन्हा पाहण्याचे धाडस केले नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, वाकण्यास मनाई होती. अर्पितने पाणी काढून गाळले व म्हणाला, “बाबा, हे जिवाणीचं वाटीभर पाणी मोरीत टाकून देतो.” मी त्यास अडवले आणि वाटी ओट्यावर ठेवून घेतली, चतुराबाई केनवडला माहेरी गेलेली, यायची होती. फिल्टर लावला. पाणी वर तसेच उभे राहिले, खाली एक थेंब नाही. अर्पित म्हणाला, “हवा अडकली असन,” आणि त्याने वरचा डबा रिकामा करून एकेक भोक पिनेने मोकळे केले, नवी पूड घातली, पुन्हा पाणी ओतले. काही नाही. दुपारी चतुराबाई आली, वाटी घेऊन अंगणात गेली. बादली पाण्याला टेकल्याचा आवाज आला आणि आत पितळेवर पहिला थेंब पडला.

अर्पितने ती कॉफी घेतली नाही. संध्याकाळी तो म्हणाला की विहिरीवर स्लॅब टाकला तर गाडी ठेवायला जागा होईल.

५. यास्तव घर अर्पितला देत आहे, विहीर बुजवू किंवा झाकू नये या अटीवर. अट मोडल्यास घर खुशबूकडे जावे. चतुराबाईस पूर्वेकडची खोली तिच्या हयातीपर्यंत द्यावी; पाणी गाळण्याचा व जिवाणी सोडण्याचा हक्क तिचा. पितळी फिल्टर याच घरात राहावा; घर विकण्याची वेळ आलीच, तर तो आणि कडीची बादली विहिरीसोबत जावेत. अर्पित, तू गाडीसाठी म्हणाला नाहीस हे मला माहीत आहे. भिऊ नकोस. जे कोणी तेथे आहे ते तुझे वाईट चिंतीत नाही. त्याला फक्त वाट पाहणे ठाऊक आहे.

६. माझ्याविषयी. पहाटे डोळे उघडले की माझे मन आधी जिनेंद्रांकडे जात असे. आता ते विहिरीकडे जाते. अशाने माझी गती काय होईल हे मी जाणतो, आणि पहिली दोन वर्षे त्या विचाराने मला घाम फुटे. आता भीती एवढीच उरली आहे की तेथे जाण्याची मला भीती वाटेनाशी झाली आहे.

म्हणून बजावतो. माझा अंतसमय जवळ आला की घरात कॉफी दळू नये, फिल्टर माझ्या नजरेआड करावा, अंगणाकडचे दार लावून घ्यावे. मी मागितली तरी देऊ नये. हात जोडले तरी देऊ नये. आज शुद्धीत असलेला मी हे सांगत आहे. त्या वेळी बोलणाऱ्याचे ऐकू नये. खुशबूने कानाशी णमोकार म्हणावा आणि मी हात वर केला तरी थांबू नये.

इतके करूनही माझे मन शेवटी कोठे गेले ते तुम्हांस कळणार नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटेचे पाणी गाळाल, त्या दिवशी आणि त्यानंतर केव्हाही, गाळण्याचे कापड पिळू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्यातील एकही शब्द मागे घेत नाही.

स्थळ : कारंजा लाड, जि. वाशिम
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, वीर निर्वाण संवत २५५१
दिनांक ६ डिसेंबर २०२४

(सही) कैलासचंद मोतीलाल संगई

आमच्यादेखत सही केली :
१. (सही) रतनसिंग भवानीसिंग ठाकूर, निवृत्त शिक्षक, कारंजा लाड
२. (सही) उकंडराव किसनराव ढोरे, शेती, शिरपूर जैन