पत्त्यांत जोडवं नसतं

अण्णा, तुम्ही गेल्यानंतर मी एका शास्त्राचा जनक झालो आहे. विषय क्षुल्लक, प्रयोजन मात्र गंभीर: परळीच्या विद्युतकेंद्रातल्या भंगारातून बेकेलाइट प्लास्टिकचे तुकडे आणून, कानशीने घासून तुम्ही घरी घडवलेला ठिपक्यांचा डोमिनो साध्या पत्त्यांवर अवतीर्ण कसा करावा. हसू नका. आईला अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवले आहे. तिच्या स्मृतीतून एकेक शब्द रजा न मागता निघून चालला आहे, आणि डॉक्टर म्हणतात, जे आठवते त्यावर तिला बोलते ठेवा. मी तिला आठवत नाही. तो खेळ आठवतो. त्याच्या पट्ट्या हातात दिल्या की दोन-चार शब्द बोलायची. पण परवा सिस्टरांनी पट्ट्यांचे पुडके मला परत दिले. "काका, घेऊन जावा हे. आजी तोंडात घालायल्यात."

म्हणून पत्ते. पट्टीला दोन टोके, दोन्हींवर ठिपके. पत्त्याला अंक एकच. या तात्त्विक पेचावर मी दिव्य तोडगा काढला: अंक हे एक टोक, रंग हे दुसरे. साताला सात लागेल, बदामाला बदाम. खाटेवर मांडणी करून भाष्यकाराच्या थाटात मी नियम विशद केले. आईने सगळे पत्ते हाताने बाजूला सारले. "जोडवं कुठंय?"

इथे माझे पांडित्य संपले. दोन्हीकडे सारखे ठिपके असलेल्या पट्टीला तुम्ही जोडवं म्हणायचा. माझ्या लहानपणीचे दृश्य: स्वयंपाकघरात, भाकरीच्या परातीशेजारी डाव मांडलेला आहे, मी दुहेरी पाच ओळीत सरळ लावतो, आणि तुम्ही माझे मनगट धरता: "कावून बे? जोडवं सरळ असतंय का? आडवं लाव, बोटातल्यावानी." चुलीपाशी आई पाय लुगड्यात ओढून घेते आणि हसते. तुम्ही गेलात त्या दिवशी तिच्या बोटांतली जोडवी बायकांनी उतरवली. पट्ट्यांतली तेवढी उरली होती. तीही आता मी पिशवीत बांधली.

"पत्त्यांत जोडवं नसतं, आई," मी म्हणालो. ती भिंतीकडे वळली. संध्याकाळ झाली. खाटेखाली पडलेले पत्ते मी वेचत होतो आणि मला एकही विनोद सुचत नव्हता; माझ्या बाबतीत हे लक्षण गंभीर समजावे. तेवढ्यात तिने पसाऱ्यातून चौकटची राणी उचलली. वरची बाजू खाली केली, पुन्हा वर केली. इकडून डोके, तिकडूनही तेच डोके.

"हे काय, जोडवं." तिने राणी आडवी ठेवली. मग माझ्याकडे पाहिले. "लावा की. तुमचा डाव हाय."

जन्मभर ती मला 'तू' म्हणत आली आहे. हे 'तुमचा' कोणाचे, ते कळायला व्याकरण लागत नाही.

हे पत्र धाडणार नाही. माझ्याजवळ बावन्न पत्ते आहेत, त्यांत तुमचा नाही. एवढेच कबूल करतो, की तिची चूक मी दुरुस्त केली नाही. घसा खाकरून, तुमच्यासारखा जाड आवाज काढून, चौकटची नव्वी लावली. ती म्हणाली, "लई उशीर केला." तुम्हाला न विचारता, तुमच्या वतीने, मी माफी मागितली.