तुमचा हात चुकला नव्हता

बाई, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि मी तुम्हाला आज लिहायला बसलेय. सांगायचं आहे ते एका ओळीत मावतं. त्या दिवशी तिला ताप होता, आणि तो तुमच्या हाताला लागू नये याची तजवीज मी केली होती. ही ओळ लिहायला मला तीस वर्षं लागली. आता लिहिलीच आहे, तर बाकीचंही लिहिते.

या आठवड्यात आमच्याकडे सकाळी सहालाच टीव्ही लागतो. परदेशातले मोठमोठे फुटबॉल क्लब हंगाम सुरू व्हायच्या आधी अमेरिकेत जमलेत आणि एकमेकांशी प्रदर्शनीय सामने खेळतायत. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, ती स्वतः खेळते. दुधाचा पेला हातात तसाच धरून ती मला समजावते, "आई, हे नुसतं दाखवायला असतं. पॉइंट नाहीत, काही नाही. हाफटाइमला अख्खी टीम बदलतात." मी विचारलं, "मग एवढं जीव तोडून का धावतायत?" तर म्हणाली, "कोच बघतोय ना! सीझनला कोण खेळणार ते इथंच ठरतं." तव्यावरची पोळी उलटायचं मी विसरले. ती करपली, आणि मुलीनं नाक मुरडून तेवढ्यात एक टोमणा मारून घेतला, "मॅच मी बघतेय आणि पोळ्या तू जाळतेयस."

तुमची जूनअखेरची स्पर्धाही अशीच होती. तीन शाळांच्या मुली, आपलं खडीचं मैदान, कप नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. गोल कुठं लिहून ठेवायचे नाहीत हा तुमचा नियम. "आज कुणी हरत नाही," असं तुम्ही म्हणायचात. पण जिल्ह्याला जाणाऱ्या मुली तुम्ही त्याच दिवशी मनात पक्क्या करता हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सामन्याआधी आम्हाला एका रांगेत उभं करून तुम्ही प्रत्येकीच्या कपाळाला पालथा हात लावायचात. कपाळ गरम लागलं की "बस बाजूला," एवढंच. एकदा मी वाद घातला होता, उन्हामुळं गरम आहे म्हणून. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत, "तुझ्या आईनं तुला माझ्याकडं धडधाकट पाठवलीय. मला ती तशीच परत द्यायचीय."

ती पेठकडची, डोंगरातल्या पाड्यावरची. वसतिगृहात राहायची, वर्गात माझ्या शेजारी बसायची, आणि डाव्या बाजूनं ती धावायला लागली की आम्ही खेळायचं सोडून बघत राहायचो. दोन दिवस तिच्या अंगात ताप होता, हाडं ठणकत होती. सकाळी मैदानाच्या कडेला ती मला म्हणाली, "बाईंना नको सांगू. बाजूला बसवतील नं. संघात नाव नाय लागलं तर बा येईल न्यायला, भाताच्या लावणीला. मंग कसली शाळा?" लावणीला गेलेल्या मुली परत येत नाहीत हे मी दोन वर्षांत पाहिलं होतं. मी म्हणाले, "थांब गं, माझ्याकडं इलाज आहे." आईच्या औषधाच्या डब्यातल्या दोन तापाच्या गोळ्या मी कागदात बांधून आणल्या होत्या. आदल्या दिवशीच आणल्या होत्या, बाई. म्हणजे हे अचानक सुचलेलं नव्हतं. गोळ्या घेऊन तासभर झाल्यावर मी तिला नळाखाली नेलं, डोकं भिजवलं, कपाळावर पाणी मारत राहिले. ती कुडकुडत होती आणि आम्ही दोघी हसत होतो.

तुमचा हात तिच्या कपाळावर येतो. इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ थांबतो. तुम्ही विचारता, "केस का ओले?" ती काही बोलायच्या आत मागून मी म्हणते, "ऊन लागत होतं, बाई." तुम्ही पुढं सरकता. ती वळून माझ्याकडं बघते आणि मी तिला डोळा मारते.

उत्तरार्धात ती मांडी धरून खाली बसली. मी लांबून ओरडले, "ऊठ गं, नाटकं नकोत!" मग ती आडवी झाली. तुम्ही मैदान ओलांडून धावत आलात, तुम्हाला कधी धावताना पाहिलं नव्हतं. तुम्ही तिला रिक्षात मांडीवर घेऊन सिव्हिलला नेलंत. संध्याकाळी ती गेली. डॉक्टर नंतर म्हणाले की तिच्या रक्तातच जन्मापासून दोष होता, त्या डोंगरातल्या बऱ्याच घरांत असतो. तापलेलं, तहानलेलं शरीर असं धावलं की हे होऊ शकतं. कुणाला माहीत नव्हतं. तापाचं मात्र मला माहीत होतं.

चौकशीला तिचे वडील ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले होते, मांडीवर तिच्या कपड्यांची पिशवी. आत तुम्ही एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होतात, "मी स्वतः हात लावून पाहिलं होतं, ताप नव्हता." संस्थेचे एक गृहस्थ म्हणाले, "हात म्हणजे काय थर्मामीटर आहे का, बाई?" आणि कुणीतरी हसलं. मग मला विचारलं, तुला काही बोलली होती का ती? मी म्हणाले, "माहीत नाही, सर." मुलींचा फुटबॉल बंद झाला. तुमच्याकडं पाचवीच्या हस्ताक्षराचे तास दिले गेले, आणि वर्षभरात तुम्ही शाळा सोडलीत.

त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आमच्याकडं आलात. आईनं चहा टाकला. तुम्ही स्वयंपाकघरातल्या पाटावर बसलात आणि आई दूध आणायला बाहेर गेली तेव्हा हळूच म्हणालात, "तू तिच्या मागं उभी होतीस म्हणून विचारते. माझ्या हाताला कळलंच नाही का गं?" तुम्ही उत्तराची वाट बघत होतात. "नाही बाई, तुमचा हात चुकला नव्हता," एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणाले, "असेल, बाई." तुम्ही मान हलवलीत, जणू तुम्हाला तेच ऐकायचं होतं. चहा पूर्ण प्यायलात, साखर बरोबर झालीय असं आईला सांगितलंत. तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, "किती वाळल्यात गं तुझ्या बाई!" चौकशीतल्या उत्तराला भीतीचं कारण देता येतं. स्वयंपाकघरातल्या त्या उत्तराला मी आजपर्यंत कारण शोधतेय.

शनिवारी मुलगी औषधांचा खण उपसत होती. "काय हवंय?" "तापाची गोळी. जरा कणकण आहे. उद्या सिलेक्शनची मॅच आहे, सर कपाळाला ते मशीन लावतात." मी तिच्या हातातली पट्टी काढून घेतली. ती म्हणाली, "सरावाचीच तर मॅच आहे, आई! कोण मरतंय?" मी तिच्यादेखत तिच्या सरांना फोन केला आणि ती येणार नाही म्हणून सांगितलं. ती रडत ओरडली, "तुला खेळातलं काय कळतं? आयुष्यात कधी बॉलला पाय तरी लावलायस का?"

हीच वेळ होती. तुमचं आणि तिचं सगळं सांगून टाकता आलं असतं. मी म्हणाले, "नाही लावला." रात्रीपर्यंत ताप एकशे दोनवर गेला होता. ती भिंतीकडं तोंड करून झोपली, अजून माझ्याशी बोलत नाही. मी एकीला वाचवलं असं स्वतःला सांगून पाहिलं. ते काही टिकलं नाही.

आणखी एक आहे, बाई. शाळेच्या ग्रुपवर तुमची बातमी आली तेव्हा मी ऑफिसात होते. सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले, मीही पाठवले. घरी येऊन खूप रडले, ते रडणं खोटं नव्हतं. पण बातमी वाचल्या वाचल्या, रडू फुटायच्या आधी, मला हायसं वाटलं होतं. तुम्ही आता पुन्हा विचारायला येणार नव्हतात.