टिटवीच्या वेण्या

प्रिय ठमे,

तुझ्या आईने साखरपुड्याचा फोटो पाठवला, तो पाहिला. मुलगा बरा आहे. कान जरा मोठे आहेत, पण ऐकून घेणारा निघाला तर त्या कानांचं सोनं होईल. हे फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हो मावशी, हो मावशी’ करतेस आणि विषय बदलून मोकळी होतेस. कागदाला असं मध्येच तोडता येत नाही. इथली डॉक्टरीणबाई सुट्टीवर आपल्याकडे निघाली आहे, तिच्या पिशवीत हे पत्र घालते आहे. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षर लावून वाच आणि शेवटपर्यंत वाच.

मिशनचं स्वयंपाकघर तू पाहिलंस तसंच आहे. तोच धूर, तेच पातेलं, आणि नळाला पाणी यायच्या आधी तीच भांडणं. तुमची सेवेला आलेली तुकडी गेल्यावर आपल्याकडच्या तरुण मंडळींच्या आणखी दोन तुकड्या येऊन गेल्या. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल, तिसऱ्या दिवशी काखेत पोर आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांची रडारड. गाणी तीच, पाय बांधून पळायची शर्यतही तीच. वस्तीतली पोरं इतकी तयार झाली आहेत की कुठल्या गाण्यानंतर खाऊ मिळतो हे नव्या ताई-दादांना तीच सांगतात. गाडी वळली की आठवड्याभरात नावंही विसरतात. तुम्हीही विसरता. फिटंफाट होते असं मी धरून चालले होते.

पण टिटवी विसरली नाही. नाल्याकडच्या शेवटच्या पत्र्याच्या खोलीतली, बाटल्या धुणाऱ्या बाईची मधली पोर. ओरडली की अख्खी वस्ती जागी व्हायची, म्हणून मीच तिला टिटवी म्हणायला लागले. तुला आठवत असणारच. चर्चमध्ये मंडळीसमोर तू इथल्या सेवेची साक्ष देतेस तेव्हा तिचा फोटो दाखवतेस, असं तुझी आई कौतुकाने सांगत होती.

निघायच्या दिवशी तुम्ही दोघी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला होता. तू तिच्या बारीक बारीक वेण्या घातल्यास, तिने तुझी एक वाकडीतिकडी घातली. मग तू इथल्या भाषेत, जेवढी शिकली होतीस तेवढ्यात, तिला म्हणालीस, “मी परत येईपर्यंत ह्या सोडायच्या नाहीत हं. मीही माझी सोडणार नाही.” मी आत कांदे चिरत होते. निघताना माणूस गोड बोलतंच.

तिने ते गोड बोलणं म्हणून घेतलंच नाही. आधी आम्हाला हसू यायचं. तेल लावू देईना, धुऊ देईना, अंघोळीला डोक्यावर पिशवी बांधून बसायची. आता हसायला जागा उरली नाही. वेण्या कुठे संपतात आणि डोकं कुठे सुरू होतं ते कळत नाही. तुझ्या नावाची जट वाढते आहे तिच्या डोक्यावर. आत उवा बुजबुजल्या आहेत, कानामागे खांडकं झालीत, त्यातून पू येतो. मानेत गाठी आल्या, अंगात सारखी कणकण असते. ओरडत नाही आता. नाल्याकडून आवाज येत नाही तेव्हा मला काम सुचत नाही.

नर्सबाईंनी औषध सुरू केलं आहे, पण केस मुळापासून काढल्याशिवाय ते लागू पडायचं नाही म्हणतात. तिची आई कात्री घेऊन बसली तर पोर तिच्या मनगटाला कडकडून चावली आणि पाण्याच्या टाकीवर चढून बसली. मग ती बाई माझ्या दारात आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली की वेण्या घालून गेलेली ती मुलगी तुमच्या घरची ना, मग तुम्हीच सोडवा.

सल्ले द्यायला सगळे आहेत. ड्रायव्हर म्हणतो, हातपाय धरा, दोन मिनिटांचं काम. पाळकसाहेब म्हणतात, ताईचा निरोप आलाय, केस काप म्हणते, असं सांगून टाका, लेकराच्या भल्याचं आहे. त्यांना मी तोंडावर नाही म्हटलं. ज्या तोंडाने तिला प्रभूची गोष्ट सांगते त्याच तोंडाने ही थाप मारू? उद्या उघडी पडली तर पोर गोष्टही थापच धरेल, आणि तिचं काही चुकणार नाही. प्रभू परत येतो म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी आला. त्याचं नाव घेऊन फिरणाऱ्यांनी निदान तारीख तरी सांगावी.

रोज जेवायला आली की ती मला एकच विचारते, ताईची वेणी आहे ना. मी म्हणायचे, मला काय माहीत. ते खरंच होतं, तो फोटो येईपर्यंत.

ठमे, खांद्यापर्यंतचे केस तुला शोभतात, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसापासून मी फोन पिठाच्या डब्यात लपवते आहे. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीच्या गावी जाणार, इकडे काही येणार नाहीस, हेही तुझी आई बोलली. त्याचा राग नाही. संसार कर, सुखी राहा. फक्त येत्या रविवारी उपासना सुटली की मला फोन लाव, तोंड दिसणारा. उजेडात बस, डोक्यावरून ओढणी घेऊ नकोस. मी टिटवीला समोर बसवते. मी येणार नाही, माझे केस मी कापले, तूही काप, हे तुझ्या तोंडाने तिला सांग. ‘प्रभूची इच्छा असेल तर कधीतरी’ असलं शेपूट लावू नकोस. रडायचं असेल तर फोन ठेवल्यावर रड. नर्सबाई रविवारच्या पुढे थांबायला तयार नाहीत, मग चौघांनी धरून कापायचं ठरलं आहे. तसं व्हायला नको आहे मला. ती ऐकून चिडेल, मला चावेलसुद्धा. चावू दे. कात्री उकळून स्वच्छ फडक्यात बांधून ठेवली आहे.

तोंडाने फटकळ, पण तुझीच,
मावशी